शोकेसमधला नाखवा

दुकानात वर्षानुवर्षं उभं राहिलं की पायाच्या शिरा फुगतात आणि डोक्यात किस्से साठतात. शिरांवर डॉक्टर पट्टी तरी बांधून देतो. किश्श्यांवर इलाज नाही. एक कोणाला सांगून टाकला की आत जागा होते आणि तिथे दुसरे दोन येऊन बसतात.

मी डोंबिवलीत, पूर्वेला, बाबूशेठच्या टीव्ही-फ्रिजच्या दुकानात सेल्समन होतो. या गोष्टी तिथल्या. आणि आधीच सांगतो, यातली एकूण एक खरी आहे. आईशप्पथ. आता आमची आई म्हणायची, "माझी शपथ घेतलीस की मला सर्दी होते," तेव्हा शपथ जरा सैल धरा. म्हणजे एक जागा आहे, तिथे मी थोडा हात फिरवलाय. कुठली ते शेवटी सांगतो. मध्ये विचारू नका, माझी लिंक तुटते.

दुकानात आम्ही तिघं. बाबूशेठ, मी, आणि गल्ल्यावर नलूताई. नलूताई कल्याणहून यायच्या आणि माझ्याबद्दल गिऱ्हाइकाला आधीच सावध करायच्या, "हे जे सांगतात ना, त्यातलं कंपनीचं नाव तेवढं खरं."

* * *

बाबूशेठचा एक बोर्ड होता. शोकेसच्या वर, लाल अक्षरात: "शोकेसमधला माल परत घेतला जाणार नाही. बदलून मिळणार नाही."

पद्धत अशी, की प्रत्येक वस्तूतली एक उघडून शोकेसमध्ये मांडायची. ती वर्ष-दोन वर्षं लोकांनी बघायची, हाताळायची, पोरांनी तिची बटणं पिळायची. मग दसरा नाहीतर पाडवा आला की ओल्या फडक्याने पुसून, "डिस्प्ले पीस" म्हणून स्वस्तात विकायची. लोक आधीपासून सांगून ठेवायचे, हा निघाला की मला. निम्म्या डोंबिवलीच्या घरातली पहिली चैन आमच्या शोकेसमधून उतरलेली आहे. काय दिवस होते! वस्तू घरी यायच्या आधी माणसं तिला काचेतून वर्षभर भेटून जायची.

एकदा कंपनीने वॉशिंग मशीनचा नुसता सांगाडा पाठवला, मांडायला. आत मोटर नाही, काही नाही. दसऱ्याच्या गर्दीत मी तो दिवा स्टेशनजवळच्या एका गृहस्थांना विकून मोकळा. मला काय माहीत? बाहेरून झकास होता.

गृहस्थ महिन्याने आले. तक्रार करायला आलेत असं वाटेना.

"मशीन छान आहे हो. आवाज अजिबात नाही."

"सांगितलं नव्हतं?" मी म्हटलं.

"फक्त कपडे धूत नाही."

शेठ उठून आले. माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्यांना म्हणाले, "डिस्प्ले पीस आहे साहेब. बदलून मिळत नाही. आवाज नको आणि कपडेही धुवायचे, दोन्ही कसं जमेल?"

आता मार बसणार म्हणून मी काउंटरमागे सरकलो. गृहस्थांनी जरा विचार केला. "राहू द्या. आमच्याकडे दिव्याला नळाला पाणी येतं कधी, जातं कधी. बायको त्यातच भरून ठेवते. एवढं झाकणाचं पिंप बाजारात नाही मिळत."

दारापर्यंत गेले आणि परत वळले. "असं अजून एक निघेल का?"

* * *

दुकानाच्या कोपऱ्याला मासळी घेऊन हिराबाई बसायची. कळव्याच्या खाडीवरची कोळीण. शेठला "शेट" म्हणायची, मला "थापाड्या", आणि नलूताईंशी तिचं काहीतरी आतलं गूळपीठ होतं. काय ते फ्रिज विकल्यावर कळलं.

डिस्प्लेचा फ्रिज चालूच असायचा. त्यात आमचे डबे, पाण्याच्या बाटल्या. आणि खालच्या भाजीच्या खणात, दुपारी, शेठ जेवून डुलकी काढत असताना, नलूताईंच्या कृपेने हिराबाईची उरलेली कोलंबी.

पाडव्याला तो फ्रिज गेला साठे मास्तरांकडे. मास्तरांच्या घरात कांदासुद्धा चतुर्थी बघून चिरायचे. आठवडा झाला नाही तोवर मास्तर दारात.

"उघडला की वास येतो."

"डिस्प्ले पीस आहे," शेठ म्हणाले. "जसा आहे तसा. वासासकट."

मास्तर पुन्हा आले, पुन्हा परत गेले. शेवटी हिराबाईलाच राहवेना. एके दुपारी लिंबाच्या साली आणि लाकडी कोळसा घेऊन मास्तरांकडे गेली, खण काढून घासून दिला आणि "जल्ला तो शेट" म्हणत परत आली. वास गेला.

काही दिवसांनी मास्तर पुन्हा दुकानात. इकडेतिकडे बघून माझ्या कानाशी आले. "वास गेला बरं का. मुलं विचारतात, कुठे गेला." मग आवाज आणखी खाली. "आणि तो नक्की कशाचा होता? नाही, म्हणजे... करतात कसं ते?"

तेव्हापासून दर बुधवारी मास्तर हिराबाईसमोर उभे दिसायचे. पिशवीत वरून मेथीची जुडी.

* * *

मग शेठचा भाचा दुबईहून व्हिडिओ कॅमेरा घेऊन आला. शेठनी तो शोकेसमध्ये रस्त्याकडे तोंड करून स्टँडवर बसवला आणि वायर जोडली शेजारच्या मोठ्या कलर टीव्हीला. म्हणजे रस्त्यावरचा माणूस काचेसमोर आला की टीव्हीत तोच!

डोंबिवली वेडी झाली. लोक मुद्दाम वाट वाकडी करून यायचे. भांग पाडायचे, कॉलर नीट करायचे, न बघितल्यासारखं करून तीन चकरा मारायचे. एक हवालदार रोज शिट्टी फुंकायच्या आधी टोपी बघून जायचा.

पण त्या टीव्हीत सगळ्यात जास्त कोण दिसलं असेल, तर नाखवा. हिराबाईचा नवरा. कॅमेऱ्याच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, कोळशाची एक बंद वखार होती. तिच्या पायरीवर तो बसायचा. एकेकाळी त्याची होडी होती. खाडीच्या पाण्याला कारखान्यांचे रंग चढले, मासळी लांब गेली, होडी चिखलात पालथी पडली. तेव्हापासून तो सकाळी हिराबाईबरोबर पाटी घेऊन यायचा आणि संध्याकाळपर्यंत त्या पायरीवर मान खाली घालून जाळं विणायचा. मधूनच मान वर करून आमच्या टीव्हीत स्वतःला बघायचा, आणि परत खाली.

मी एकदा विचारलं, "नाखवा, होडी नाही तर जाळं कशाला?"

"मंग? हात रिकामे ठेवून टीवीवर दिसायचं कं?"

संध्याकाळी हिराबाई रस्ता ओलांडून त्याच्यासमोर उभी राहायची आणि रोज तेच म्हणायची, "पाटी रिकामी झाली. चला."

नाखवा टीव्हीकडे बोट करायचा. "थांब. माझा कार्यक्रम संपंल मंग."

ती कमरेवर हात ठेवून थांबायची. तो जाळं गुंडाळायचा, पायरीवर चाचपडून सुई शोधायचा, उठता उठता वळून टीव्हीत एकदा बघायचा. मग निघायचे. टीव्हीतून आधी ती जायची, मग तो, मग नुसती पायरी. आम्ही दुकानातून, शोकेसच्या काचेत उलटं उमटलेलं, रोज ते बघायचो. त्याशिवाय दिवस संपल्यासारखं वाटायचं नाही.

* * *

एका वर्षी शिमग्याला नाखवा गेला. होळीभोवती नाचून घरी आला, पडला, तो उठलाच नाही.

हिराबाई दिवस वगैरे करून परत आली ती थेट दुकानात. शोकेसमध्ये हात दाखवून म्हणाली, "त्या यंत्रात हाये ना तो? मना एक फोटो काढून द्या. भिंतीवर लावायला घरात एक फोटो नाय."

खरंच नव्हता. नारळी पौर्णिमेला कोणीतरी होडीचा काढलेला एक होता. त्यात नाखवा निशाणाच्या मागे. कोपर तेवढं दिसत होतं.

मी तिला समजावलं. हा कॅमेरा नुसता दाखवतो, साठवत नाही. कॅसेट आम्ही कधी घातलीच नव्हती.

हिराबाई काचेकडे वळली. "येवढी वर्सं दाखवलात," ती म्हणाली, "आन् ठेवला नाय?"

मी बडबड्या माणूस. त्या दिवशी मी नुसती कॅमेऱ्याची काच पुसत बसलो.

संध्याकाळी पाटी रिकामी झाली की ती अजून रस्ता ओलांडायची. पायरीपाशी थोडी उभी राहायची आणि मग एकटी जायची. शेठनी ते काचेत बघितलं, पुन्हा पुन्हा बघितलं, आणि एके दिवशी कॅमेरा काढून ठेवला. दिवाळीचा पाडवा आलाच होता. टीव्ही पुसला आणि डिस्प्ले पीस म्हणून विकला.

* * *

घेतला बापट साहेबांनी. मानपाड्याच्या एमआयडीसीत ऑफिसर, घरी आई आणि ते. आठ दिवसांत दारात.

"टीव्हीत माणूस आहे," बापट म्हणाले.

"असतातच," शेठ म्हणाले.

"तसा नाही हो. बातम्या लावल्या की बातम्या देणाऱ्या बाईच्या खांद्याशी बसलेला असतो. मॅच लावली की स्लिपमध्ये बसलेला, कॅच आला तरी हलत नाही. बंद केला तरी आहेच. आई म्हणते, पाहुणा सज्जन आहे, पण उठत नाही."

"डिस्प्ले पीस आहे. बदलून मिळत नाही."

"अहो, पण त्यात माणूस आहे!"

"त्याचे जास्तीचे लावले का आम्ही?"

बापट काही साठे मास्तर नव्हते. शांतपणे खुर्चीत बसले. "हे बघा शेठ. कोपऱ्यावर ओरखडा आहे म्हणून स्वस्त देतो, असं तुम्ही म्हणालात. बरोबर? तो ओरखडा माझा. जे सांगून विकलंत ते माझं. हा माणूस तुम्ही सांगितला नव्हता. तो तुमचा."

"वर बोर्ड आहे तो वाचला नाही?"

"बोर्ड तुम्ही लिहिलाय. कायदा दुसऱ्यांनी लिहिलाय."

शेठनी मला बापटांकडे पाठवलं, कंपनीच्या मेकॅनिकबरोबर. मेकॅनिकने पडदा बघितला आणि म्हणाला, याच्यावर फार दिवस एकच चित्र ठेवलं असणार. तसं केलं की काच ते धरून ठेवते, मग जात नाही.

मी जवळ जाऊन बघितलं. फिकट, धुरकट. पायरीची आडवी रेघ, आणि तिच्यावर मान खाली घातलेली एक आकृती. हातात काहीतरी.

दुकानात येऊन मी नलूताईंना सांगितलं. पहिल्यांदा माझ्या तोंडचं ऐकून त्यांनी "चल, काहीतरीच" म्हटलं नाही. "म्हणजे ठेवलाय तर," एवढंच म्हणाल्या, आणि गल्ला उघडा टाकून हिराबाईला सांगायला गेल्या.

* * *

हिराबाई त्या दिवसापासून संध्याकाळी बापटांकडे जायला लागली. जमिनीवर बसायची, पाटी बाजूला. बापटांच्या आईला सोबत झाली. दोघी चहा पीत टीव्हीसमोर बसायच्या, टीव्ही बंद ठेवून. आजी एकदा म्हणाल्या, "तुमचे मिस्टर फार शांत आहेत हो."

"आता झालेत," हिराबाई म्हणाली.

तिने शेठकडे तो टीव्ही मागितला. शेठ म्हणाले, मी काय देणार, तो आता बापटांचा. आणि हिराबाई, तुला टीव्हीच हवा तर नवा घे, हप्त्याने देतो.

"नव्यात कोण हाय?"

शेठनी हप्त्याचं कार्ड परत खणात ठेवलं.

बापटांना मागितला. बापट माणूस भला, पण हट्टाला पेटलेला. ठाण्याला ग्राहक मंचात तक्रार टाकून बसले होते. "मावशी, हा तुम्हाला दिला तर तिथे दाखवू काय? हाच तर पुरावा आहे माझा."

तेव्हा हिराबाईची गोची अशी झाली. बापट जिंकले तर त्यांना नवा टीव्ही मिळणार आणि जुना नियमाप्रमाणे कंपनीत परत जाणार. तिथे असल्या टीव्हीची पिक्चर ट्यूब काढून फोडतात. शेठ जिंकले तर टीव्ही बापटांकडेच राहणार, आणि बापटांनी जाहीर केलं होतं की असं झालं तर मी हा त्याच दिवशी भंगारात घालीन, पण घरात ठेवणार नाही. कोणीही जिंको, नाखवा जाणार.

"मना कोनाच्या बाजूनं बोलायचं ते सांग," हिराबाई मला म्हणाली. "तू येवढं खोटं बोलतंस, त्यातलं येखादं मना दे."

माझ्याकडे होती की ढीगभर. एकही कामाचं निघेना.

* * *

ठाण्याला तारखेच्या दिवशी टेम्पोतून टीव्ही नेला. बापट तो चादरीत गुंडाळून पोटाशी धरून बसलेले. शेठनी पुरावा म्हणून दुकानातला बोर्ड स्क्रू काढून वर्तमानपत्रात बांधून आणलेला. नलूताई आणि मी मागे. हिराबाईने सकाळीच, मिळेल त्या भावाने मासळी देऊन टाकलेली. रिकामी पाटी घेऊन आमच्याबरोबर.

अध्यक्षबाई चष्म्याआडून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. बापटांनी आपलं सांगितलं. शेठ उभे राहिले. "बाई, दुकानात जे दाखवलं तेच घरी दिसतंय. यात फसवणूक कुठे आली?"

बाईंनी हे लिहून घेतलं नाही. हिराबाईकडे बघून विचारलं, "या कोण?"

बापट अडखळले. टीव्हीकडे हात केला. "या... त्यांच्या."

"लावा," बाई म्हणाल्या.

मी वायर जोडली. बटण दाबलं. पडदा आधी उजळला, मग मुंग्या, आणि त्या मुंग्यांमधून हळूहळू वर आली पायरीची रेघ, मग गुडघे, मग जाळं, मग ती खाली घातलेली मान. खोलीत कागद वाजायचे थांबले. शिपाई दारात उभा राहिला. शेठच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "काय नाखवा."

हिराबाई उठली. टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली. काखेतली पाटी जरा वर घेतली.

"पाटी रिकामी झाली," ती म्हणाली. "चला."

शेठ पुढे आले. "बापट साहेबांना नवा देतो, बाई. आजच देतो."

"आणि हा?" बाईंनी विचारलं. "हा तुम्ही परत घ्यायचा."

बाबूशेठनी आयुष्यात कोणाला पिशवी फुकट दिली नव्हती. त्यांनी वर्तमानपत्र सोडलं, बोर्ड काढला आणि दोन्ही हातांनी बाईंसमोर धरला.

"शोकेसमधला माल आम्ही परत घेत नाही," ते म्हणाले. "कंपनीला काय सांगायचं ते मी बघतो."

टेम्पो डोंबिवलीला न जाता कळव्याला वळला, खाडीकडे. शेठ पुढे ड्रायव्हरशेजारी, मांडीवर बोर्ड. कोळीवाड्याच्या तोंडाशी मी आणि बापटांनी टीव्ही उतरवला, आणि हिराबाई पुढे चालत लोकांना बाजूला करत होती, "सरका, सरका, जागा द्या."

* * *

ते दुकान आता नाही. वखारीची पायरी रस्ता रुंद करताना गेली. शेठ गेले, बोर्ड त्यांच्या मुलाकडे माळ्यावर आहे म्हणतात. नलूताई कल्याणला असतात, कधी भेटल्या की विचारतात, "अजून तेच सांगत सुटलायस का रे?" सांगतो की. संध्याकाळी त्या रस्त्याने जाताना मान आपसूक पलीकडे वळते. तिथे आता सगळी माणसं चालती आहेत. बसलेलं कोणी नाही.

तर, हात कुठे फिरवलाय ते सांगायचं राहिलं.

त्या दिवशी ठाण्यात लाईट नव्हते. टीव्ही लागलाच नाही. मी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, काही नाही. खोलीत अर्धवट उजेड. काळ्या काचेत मागची खिडकी दिसत होती आणि ओळीने उभे आम्ही सगळे. घरी बंद टीव्हीतही दिसणारा नाखवा त्या गर्दीत दिसेना. अध्यक्षबाई पुढची तारीख द्यायच्या बेतात होत्या.

बाकीचं मी घातलेलं नाही. हिराबाई उठली, त्या काळ्या काचेसमोर जाऊन उभी राहिली आणि रोजचं तेच म्हणाली. मग कमरेवर हात ठेवून थांबली. जाळं गुंडाळायला, चाचपडून सुई शोधायला आणि उठता उठता वळून एकदा बघायला जेवढा वेळ लागतो, तेवढी थांबली.